जेवण चार तारे, वाढदिवस उणे दोन

आधी कामाचं सांगते. ज्यांना फक्त जेवायला जायचंय त्यांनी जेवणापुरतं वाचावं आणि उठावं. ज्यांच्या घरात कुणाचा वाढदिवस जवळ आलाय त्यांनी मात्र शेवटपर्यंत बसावं.

हॉटेल नाशिकमध्ये, कॉलेज रोडच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. टेबलाच्या मधोमध खड्डा, त्यात निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर सळयांना टोचलेले पदार्थ. ठरलेल्या पैशात हवं तितकं खा. रविवारी रात्री माणशी ८९९ रुपये, लहान मुलाला ४९९. गाडी लावायला तळघर आहे, पण तिथून वर येणारी लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच येते. पुढचा एक जिना चढावा लागतो. माझ्या ताईचे गुडघे पाहता हे त्यांनी फोनवर सांगायला हवं होतं. "लिफ्ट आहे का?" एवढंच मी विचारलं, "आहे" एवढंच त्यांनी सांगितलं. दोघंही खरं बोललो.

सळयांवरचं चांगलं होतं, अगदी मनापासून सांगते. पनीर ताजं, दाताला रबर लागत नाही. मशरूम बरे. कोळंबी मसालेदार, आणि मागितली की आणत होते, तोंड न वाकडं करता. तंगडीचा मसाला आतपर्यंत मुरलेला. पण सगळ्यांत वरचा नंबर अननसाचा. दालचिनीची पूड लावून निखाऱ्यावर भाजलेल्या फोडी, कडेला किंचित करपलेल्या, आत गरम रस. मी सहा खाल्ल्या. ताईने मोजल्या म्हणून आकडा माहीत आहे.

टेबलावर एक लाकडी ठोकळा असतो, एका बाजूने हिरवा, एका बाजूने लाल. हिरवी बाजू वर असेपर्यंत पोरं सळया आणत राहतात. पुरे झालं की लाल करायचा. सोय छान आहे. आपल्याकडे वाढणाऱ्याला "पुरे, पुरे" म्हणत पानावर दोन्ही हात आडवे धरावे लागतात, तरी एक जिलबी पडतेच. इथे ठोकळ्याचं ऐकतात. म्हणजे जेवणाच्या बाबतीत ऐकतात.

मुख्य जेवणात दम नाही. बिर्याणी कोरडी, डाळ साखरेची, पोळी नव्हतीच, नान होता. सळयांवरच पोट भरावं आणि थेट कुल्फीकडे जावं.

आता वाढदिवस.

मी नाशिकरोडच्या प्रेसमधली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, नाशिकमध्ये नुसतं प्रेस म्हटलं की वर्तमानपत्राचं नाही, सरकारी. पोस्टाची तिकिटं, पासपोर्ट, मुद्रांक जिथे छापतात ते, १९२५ पासूनचं. चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी छापून आलेले ताव तपासण्यात गेली. शाईचा ठिपका जागा सोडून पडला की ताव बाद. त्यामुळे माझी नजर वाईट आहे असं घरचे म्हणतात. ऑक्टोबरअखेर साठ पूर्ण होऊन निवृत्त झाले. वाढदिवस दिवाळीच्या धांदलीत चकल्यांच्या मागे गेला. तेव्हा नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी लेक म्हणाली, आई, आता बाहेर जेवायला जाऊ, तुझा वाढदिवस आणि निवृत्ती एकत्रच.

आम्ही सात जण. मी, आमचे हे, लेक, जावई, नातू पंधरा वर्षांचा, नात आठ वर्षांची आणि माझी मोठी ताई. आठवा माझा मुलगा, फोनमध्ये. तो जर्मनीत श्टुटगार्टला असतो. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे त्याचे दुपारचे चार. फोन पाण्याच्या जगला टेकवून त्याला टेबलावर बसवला होता.

जागा राखून ठेवली ती जावयांनी, मोबाइलवरून. तिथे एक प्रश्न विचारतात म्हणे, "काही विशेष प्रसंग?" जावयांनी लिहिलं, सासूबाईंचा साठावा वाढदिवस. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कळलं तरी काय करणार? लेकीला बोलता येतं, जावयाला कोण बोलणार?

सातवी फोड तोंडात घालणार इतक्यात आमच्या बाजूचे दिवे मंद झाले. मला वाटलं वीज गेली. मग स्वयंपाकघराच्या दारातून सात-आठ पोरं बाहेर आली. एकाच्या हातात खंजिरी, दोघांकडे स्टीलच्या ताटल्या आणि पळ्या, पुढे एकाच्या हातात केक, त्यावर ठिणग्या उडवणारी नळी. मागून मॅनेजर, हातात बिनवायरचा माईक. माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगते. मनात आलं, बिचारं कोणाचं तरी नशीब. मग ती वरात आमच्या टेबलाशी थांबली.

माझ्या डोक्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट बसवला. खांद्यावरून गुलाबी सॅटिनचा पट्टा घातला, त्यावर चमकीच्या अक्षरांत "बर्थडे गर्ल". साठ वर्षांची, काठापदराची साडी नेसलेली, चष्म्याला दोरी लावलेली गर्ल. मॅनेजरने माईक माझ्यापुढे धरला. "मॅम, आप कितने साल की हो गईं?" मी खरं ते सांगितलं. तो माईकवर ओरडला, "सिक्स्टी नहीं, सिक्स्टीन! स्वीट सिक्स्टीन!" पोरांनी ताटल्या बडवल्या. मग गाणं. ते नेहमीचं वाढदिवसाचं नव्हतंच. त्यांचं स्वतःचं काहीतरी रचलेलं, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी, दर दोन ओळींनी "हे हे हे" आणि टाळ्या. आणि मधे माझं नाव घ्यायची जागा. नाव त्यांना ऐनवेळी आठवेना. जावयांनी तिथे "सासूबाई" लिहिलं होतं ना? झालं. आठ पोरांनी तालात म्हटलं, "हॅपी हॅपी बर्थडे, सासूबाई!" दोन वेळा.

मी ठोकळा लाल केला. खरंच केला, विनोद नाही. हात आपोआप गेला. गाणं थांबलं नाही.

पलीकडच्या टेबलावर आमच्या सोसायटीचे चेअरमन सहकुटुंब बसले होते. पाण्याच्या टाकीवरून माझं त्यांच्याशी सहा महिने वाजलेलं. सर्वसाधारण सभेत मी त्यांना नियम वाचून दाखवला होता. ते उभं राहून मोबाइलवर चित्रण करत होते. चेहऱ्यावर असं समाधान, की टाकी भरली असावी.

मॅनेजर म्हणाला, केक काटने से पहले एक छोटासा डान्स. मी मान हलवली, नाही. तो म्हणाला, "मॅम शरमा रही हैं!" आणि मग आमचे हे उठले. ओझरला एचएएलमध्ये विमानांवर काम केलेला माणूस, आयुष्यभर टोलरन्स, मिलीमीटर, शिस्त. उठले आणि नाचले. गणपती विसर्जनात नाचतात तसे, दोन्ही हात वर, बोटं आभाळाकडे. खंजिरीवाल्या पोराच्या भोवती एक फेरी घातली. नात खुशीत उड्या मारत होती. नातवाने जाकिटाची टोपी नाकापर्यंत ओढून घेतली होती आणि हळूहळू टेबलाखाली सरकत होता. जगला टेकलेल्या फोनमधून मुलाचा आवाज आला, "आई, मला पालथा घाल. बघवत नाहीये."

त्या गोंधळात पट्टा माझ्या खांद्यावरून घसरत होता. तो नीट करायला एक वेटर वाकला. आमच्या टेबलाला तोच होता, सुरुवातीपासून. उंच, किडकिडीत, बोलण्यात उदगीरकडचा हेल. पट्ट्याला पिन लावता लावता कानाशी म्हणाला, "काकू, दोन मिन्टं सहन करा. आमीबी करायलो."

त्यानंतर मला राग आला नाही. दोन मिनिटं मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. तोंड गात होतं, टाळ्या तालात होत्या, आणि डोळे दुसरीकडेच, टेबलांवरून फिरत होते. नंतर सळया घेऊन आला तेव्हा विचारलं. म्हणाला, संध्याकाळपासून तुमचा सहावा, अजून दोन आहेत. पहिल्या महिन्यात मान वर होत नव्हती. आता गाताना मनातल्या मनात मोजतो, कुठल्या टेबलाचे निखारे बदलायला झालेत.

जेवण झाल्यावर नातू टेबलाखालून वर आला आणि म्हणाला, "फुल क्रिंज होतं, आजी. क्रिंजवर्दी."

मी म्हटलं, मराठीत सांग. त्याला येईना. मग कुल्फी वितळेपर्यंत आम्ही तेच करत बसलो. ताई म्हणाली, कानकोंडं. मी म्हटलं, कानकोंडी मी झाले, पण त्या गाण्याला काय म्हणशील? गाणं काही कानकोंडं नव्हतं, चांगलं खणखणीत होतं. लेक म्हणाली, लाजिरवाणं. तेही नाही. लाजिरवाणा म्हणजे पेपरात छापतात तो पराभव, सर्वबाद छत्तीस. त्यात कोणीतरी चुकलेलं असतं. इथे चुकलं कोणीच नव्हतं, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. ओशाळवाणा हा चेहरा असतो. पांचट हा शब्द सिक्स्टीनच्या विनोदापुरता अगदी फिट, पण पांचटपणाला नुसतं नाक मुरडून भागतं, पोटात गोळा येत नाही. ताईचा दुसरा शब्द मला पटला, अंग चोरणं. मुकुट डोक्यावर आल्यावर माझ्या शरीराने जे केलं ते तेच. खांदे आत, मान खाली, जेवढी आहे त्याहून लहान व्हायचा प्रयत्न. तेव्हा क्रिंजवर्दी म्हणजे अंग चोरायला लावणारं. एका शब्दात बसत नाही, पण बसत नसेल तर नसेल.

मुलाला शब्दांची आवड, माझ्यावर गेलाय. त्याने रात्री कळवलं की या क्रिंजचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे, तिथे क्रिंगन म्हणजे रणांगणात पडणं. मग भीतीने वाकणं, लवणं, असं करत करत लाजेपर्यंत आलं. मला ते मूळच जास्त बरोबर वाटलं. पडलेच होते मी, मुकुटासह.

त्याने अजून एक पाठवलं. दुसऱ्याचं हसं होताना बघून आपल्याला लाज वाटते, तिला जर्मनमध्ये वेगळं क्रियापदच आहे, फ्रेम्टशेमन. फ्रेम्ट म्हणजे परकं, शेमन म्हणजे लाजणं. ड्यूडन हा त्यांचा प्रमाण कोश, त्यात तो शब्द २००९ साली आला, आणि ऑस्ट्रियात २०१० चा वर्षाचा शब्द म्हणून तोच निवडला गेला. मारबुर्गच्या संशोधकांनी २०११ मध्ये यावर प्रयोगही छापला. लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून लाजिरवाण्या प्रसंगांची चित्रं दाखवली. दुसऱ्याचं दुखणं बघताना मेंदूचे जे भाग जागे होतात तेच इथेही जागे झाले. यातली मजा पुढे आहे. चित्रातल्या माणसाला आपली फजिती होतेय हे माहीत असलं पाहिजे असं नाही. त्याला पत्ता नसला तरी बघणाऱ्याला लाज वाटतेच.

आमचे हे म्हणजे त्या चित्रातला माणूस. त्यांना अजून पत्ता नाही. घरी येताना गाडीत म्हणाले, "पोरांनी काय माहोल केला!" मुकुट त्यांनी सोबत आणला. शोकेसमध्ये आहे.

गाडीतच जावयांनी माहिती पुरवली, बहुधा भरपाई म्हणून. वाढदिवसाचं ते जगभर म्हणतात ते गाणं मुळात अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या दोन बहिणींचं, पॅटी आणि मिल्ड्रेड हिल. बालवाडीतल्या मुलांना सकाळी म्हणायला रचलेलं, १८९३ मध्ये छापलेलं. वाढदिवसाचे शब्द त्या चालीवर नंतर बसले. पुढे एक संगीत कंपनी त्यावर हक्क सांगून पैसे घेत राहिली. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि २०१६ मध्ये एक कोटी चाळीस लाख डॉलरवर तडजोड झाली. तोवर पैसे द्यायला नकोत म्हणून तिकडच्या मोठ्या हॉटेलांनी स्वतःची टाळ्यांची गाणी रचली होती, आणि वेटरांनी ती ताटल्या वाजवून म्हणायची प्रथा पडली. म्हणजे केंटकीच्या गाण्याच्या हक्काची शिक्षा मी नाशिकमध्ये भोगली. आता ते गाणं फुकट आहे. तेव्हा हॉटेलच्या मालकांना सूचना: साधं तेच म्हणा, एकदाच म्हणा, दिवे लागलेले असू द्या.

लाजण्याच्या बाबतीत माझी बाजू पूर्ण स्वच्छ नाही, हेही सांगायला हवं. कारण त्या रात्री नातवाने क्रिंज हा शब्द दोनदा वापरला, आणि दुसऱ्यांदा माझ्यासाठी.

बिल आलं ६,८०६ रुपये. चौतीस वर्षांची सवय, मी वरपासून खालपर्यंत वाचलं. सहा माणशी ८९९ आणि एक ४९९, म्हणजे ५,८९३. त्याखाली दहा टक्के सेवाशुल्क, ५८९ रुपये तीस पैसे. त्याखाली या दोन्हींवर मिळून पाच टक्के जीएसटी. म्हणजे सेवाशुल्कावरही कर. मी त्या पोराला नाही, मॅनेजरला बोलावलं. म्हटलं, हे काढा. तो म्हणाला, मॅम, इट्स कंपल्सरी. मी म्हटलं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, ग्राहकाच्या मर्जीचा प्रश्न आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. माझा आवाज थोडा चढला असेल. प्रेसमध्ये यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय. आजूबाजूच्या दोन टेबलांवरचं खाणं थांबलं. चेअरमन परत वळून बसले. लेक म्हणाली, "आई, जाऊ दे ना गं." जावई पाकीट काढून उभे. नातू टोपी ओढत म्हणाला, "आजी, प्लीज, क्रिंज होतंय."

मला गंमत वाटली. आठ माणसं ताटल्या बडवत सासूबाई सासूबाई ओरडली तेव्हा लेकीने मोबाइलवर फोटो काढले. एका बाईने बसल्या जागेवरून बिल वाचून दाखवलं तर तिला तोंड लपवावंसं वाटलं. मला बरोबर उलटं. मुकुटात मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते आणि बिल हातात आल्यावर अंगात जीव आला.

मॅनेजर एवढा वेळ हिंदी-इंग्रजीत होता. उच्च न्यायालय म्हटल्यावर मराठीत आला, आणि काय सुंदर मराठी, सिन्नरकडची. "मावशी, चिडू नका, काढून देतो." काढून दिलं. नवं बिल ६,१८८. सहाशे अठरा रुपये वाचले. त्यातले दोनशे मी त्या उदगीरच्या पोराच्या हातात दिले, हातातच, फोल्डरमध्ये नाही. लेकीच्या मते हेही सगळ्यांसमोर करायला नको होतं.

निघताना तो पोरगा मागोमाग लिफ्टपर्यंत आला, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत, ताईचा हात धरून. म्हणाला, काकू, मोबाइलवर आमच्या हॉटेलला पाच तारे द्याल का? आणि माझं नाव लिहाल? महिन्याला मोजत्यात. मी हो म्हटलं. तिथे मी पाच दिलेत आणि नाव लिहिलंय, एका ओळीत, बाकी काही लिहिलं नाही. खरा हिशोब इथे लिहितेय, आणि म्हणूनच हॉटेलचं नाव घालत नाही. दोन्ही एकाच बाईने लिहिलंय हे त्यांच्या लक्षात आलं तर पोराच्या नावापुढचे तारे जातील.

हिशोब असा. सळयांवरचं खाणं, साडेचार. मुख्य जेवण, दोन. कुल्फी, चार. जिना, शून्य. सेवा, पाच, आणि ती सेवाशुल्काशिवाय. सगळं मिळून जेवणाला चार. वाढदिवसाला उणे दोन. उणे तीन देणार होते, पण एक तारा पट्ट्याला पिन लावणाऱ्याचा.

चेअरमनसाहेबांचं चित्रण त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर आलं. खाली मजकूर, "आपल्या लाडक्या सासूबाई". आता वॉचमनही तेच म्हणतो.

जायचं असेल तर जा. शनिवार-रविवार टाळा, मंगळवारी गर्दी कमी असते असं पोरगा म्हणाला. जागा राखताना "काही विशेष प्रसंग?" विचारलं की "नाही" लिहा, आणि घरातल्या कुणाला आधी सांगून ठेवलं नाहीये ना ते बघा.

पुढच्या महिन्यात आमची भिशी आहे, अकरा जणी, आणि जागा ठरवायची पाळी माझी. मी हेच हॉटेल सुचवलंय, अननसासाठी. अकरातली एक चारोळ्या करते. माझ्या निवृत्तीला घरी सगळे जमले होते तेव्हा तिने उभं राहून म्हटली होती,

"हयात गेली प्रेसमध्ये,
तिकिटं तपासली सारी,
आता तपासा पोळ्या घरी,
भावोजी, करा तयारी!"

आणि ह्यांनी "वन्स मोअर" दिला म्हणून पुन्हा म्हटली होती.

तिचा वाढदिवस भिशीच्या दुसऱ्याच दिवशी येतो. जागा मोबाइलवरून राखायला नातवाने मला शिकवलंय. त्या प्रश्नापर्यंत येऊन थांबलेय, रकाना अजून रिकामा आहे.